सतरा नंबरची नळी

१

शुक्रवारी सकाळी काचघराचं दार उघडलं तेव्हा मिरचीची चारशे रोपं माना टाकून पडलेली होती. खोडं मातीलगत काळी पडली होती आणि हात लावला तर मुळं कुजक्या सुतळीसारखी तुटत होती. याच रोपांच्या जिवावर वनस्पतिरोग संस्थेच्या संचालकांनी गेला महिनाभर छाती फुगवून मुलाखती दिल्या होत्या. मूळकुजीला दाद न देणारी नवी जात, असं ते सांगत फिरत होते.

शनिवारी दुपारपर्यंत चौकशीचा अहवाल टाइप होऊन, शिक्का बसून तयार होता. त्या संस्थेत जिन्यातला दिवा बदलायलाही दोन महिने लागत, त्यामुळे हा वेग पाहून कोणालाही संशय यायला हवा होता. अहवाल म्हणत होता की काचघराचा माळी तीन आठवड्यांच्या रजेवरून सोमवारी परतला, दाराशी ठेवलेल्या औषधाच्या घमेल्यात त्याने बूट बुडवले नाहीत, बुटांच्या मातीतून रोग आत आला आणि शुक्रवारी रोपं मेली. सबब माळ्याला तात्काळ बडतर्फ करावं आणि आठ दिवसांत त्याची खोली रिकामी करून घ्यावी.

माळीकाकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. खोली काचघराच्या मागेच होती, आणि आत त्यांची बायको मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन अंथरुणावर होती. आता फक्त बाहेरच्या एका तज्ज्ञाची सही हवी होती, कारण नियमच तसा होता.

म्हणून संचालकांनी भिंगबाईंना बोलावलं.

भिंगबाई याच संस्थेतून निवृत्त झालेल्या. गळ्यात काळ्या दोरीला लहानसं भिंग, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं हे नाव. चाळीस वर्षं त्यांनी एकाच जिवाचा अभ्यास केला होता, तो म्हणजे झाडांची मुळं कुजवणारी जलबुरशी. निवृत्तीनंतरही मंगळवारी आणि शुक्रवारी त्या संस्थेत येत. संचालकांनी त्यांना खिडकीजवळचं एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि खोलीची किल्ली दिलेली होती. गेला महिनाभर मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे त्या घरीच होत्या. बाईंना अजून धड दिसत नसणार, असा संचालकांचा हिशेब असावा.

"वाचायची तसदी घेऊ नका," संचालक म्हणाले. "खाली सही करायची फक्त."

संचालकांच्या टेबलावर त्यांचंच जाडजूड पुस्तक लोकांना नाव दिसेल अशा बेताने उभं केलेलं होतं. जलबुरशींचं वर्गीकरण आणि प्रजनन यांवरचं ते पुस्तक चार वर्षांपूर्वी आलं होतं. प्रस्तावना भिंगबाईंची होती. बाईंनी तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. या गृहस्थाचं आयुष्य सूक्ष्मदर्शकापुढे कमी आणि कॅमेऱ्यापुढे जास्त गेलं, हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. त्याच्याविषयी त्यांच्या मनात जे होतं त्याला तिरस्कार हा शब्दही मोठा ठरला असता. चपलेला चिकटलेल्या चिखलाचा माणूस तिरस्कार करत नाही, नुसती चप्पल घासतो.

"मी रोपं बघते आधी," त्या म्हणाल्या.

"मेलेली रोपं काय बघायची?"

"आजवर तुम्ही जिवंतही पाहिली नाहीत. बुधवारपर्यंत वेळ द्या."

संचालक हसले, पण त्यांचा हात पेनावरून उचलला गेला.

२

माळीकाका दारातच उभे होते. बाई आत शिरायला लागल्या तसं त्यांनी पायानेच औषधाचं घमेलं पुढे सरकवलं.

"पाय बुडवा, बाई."

"आता काय राहिलंय वाचवायला?"

"सवय आहे," काका म्हणाले. "सोमवारीही बुडवले होते. पण मी सांगून कोण ऐकतंय."

बाईंनी दोन्ही पाय घमेल्यात बुडवले आणि त्या आत गेल्या. काचघर लांबलचक होतं. या टोकाला दार, त्या टोकाला सिमेंटची पाण्याची टाकी. टाकीतलं पाणी एका पन्हाळीतून ट्रेखालून वाहत येई आणि रोपं ते खालून शोषून घेत. रोपांना वरून पाणी घालत नसत.

बाई एकेका ट्रेपाशी वाकत, भिंग डोळ्याला लावत पुढे सरकत होत्या. दाराजवळची रोपं नुकतीच मान टाकल्यासारखी होती, पानं अजून हिरवी. मधली पिवळी. टाकीजवळची मात्र काळीठिक्कर पडून वाळलेली होती.

"काका, सोमवारी आल्यावर तुम्ही कुठून कुठवर गेलात?"

"दारातून आत आलो, दोन-तीन ट्रे बघितले. मग हिला औषध द्यायचं होतं म्हणून परत फिरलो. टाकीकडे बुधवारी गेलो."

म्हणजे बुटांनी रोग आणला असता तर तो दारापासून आत जायला हवा होता. हा तर टाकीकडून दाराकडे आला होता. अहवाल लिहिणाऱ्याने काचघरात पाऊलही न टाकता हे ठरवलं होतं, आणि बाईंना त्याचं जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही.

टाकीजवळच्या पहिल्या दोन ट्रेपाशी त्या थबकल्या. प्रत्येक रोपाशेजारी नंबराची पांढरी पट्टी खोचलेली होती. काचघराच्या दमटपणात पट्ट्यांवर हिरवं शेवाळ धरतं, तसं इतर सगळीकडे धरलं होतं. या दोन ट्रेमधल्या पट्ट्या मात्र कोऱ्या करकरीत होत्या.

"या कोणी बदलल्या?"

"मी नाही. मी रजेवर होतो ना."

बाईंनी टाकीत डोकावलं. तळाशी पातळ पांढरा थर बसला होता. त्यांनी चिमटीने उचलला, बोटांत चोळला, हुंगला. टाकीत भिंतीतून एक नळ येत होता आणि त्याच्या वर पितळी फलक होता: पाण्याच्या पुनर्वापराची योजना, संचालकांच्या संकल्पनेतून साकार.

"हा कुठून येतो?"

"पलीकडच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीतलं बेसिन. हात धुतलेलं पाणी वाया जातं म्हणून साहेबांनी इकडे वळवलं. मी म्हटलं होतं, साहेब, रोगाच्या इमारतीतलं पाणी रोपांना देऊ नये. तर म्हणाले, तू झाडं सांभाळ. तिथे पाटी लावलीय, फक्त हात धुण्यासाठी. पाटी सगळेच वाचतात असं थोडंच आहे."

बाईंनी टाकीतलं पाणी दोन बाटल्यांत भरून घेतलं. मग जुन्या पट्ट्यांच्या एका ट्रेमधून मुळं उपटून पिशवीत घातली. पांढरा थर कागदाच्या पुडीत बांधला. ही पूड त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती, आणि ती इथे का यावी हे त्यांना काही केल्या कळेना.

३

मुळांचा पातळ काप काचपट्टीवर ठेवून बाईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. नवा डोळा झकास काम करत होता. मुळाच्या पेशींमधून सोनेरी, गोल, जाड कवचाचे बीजाणू ओळीने बसलेले होते.

शेजारी संस्थेची सहायिका उभी होती. तिशीतली, अबोल, बोटांवर कायम शाईचे डाग. तिच्या प्रबंधाच्या परीक्षक भिंगबाईच होत्या. जलबुरशीची चित्रं काढावीत तर या मुलीने. एकेक ठिपका मोजून दिल्यासारखा.

"बघ," बाई म्हणाल्या.

सहायिकेने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे असायला नको होतं," ती हळूच म्हणाली.

नकोच होतं. ही जलबुरशी दोन तऱ्हांनी वाढते. पाणी मिळालं की ती पोहणारे बीजाणू सोडते. दोन शेपट्यांचे ते जीव मुळाचा वास धरत पोहत जातात आणि चिकटतात. त्यासाठी तिला कोणाची गरज लागत नाही. पण जाड कवचाचा, वर्षानुवर्षं मातीत टिकणारा बीजाणू करायचा तर तिला जोडीदार लागतो. तिचे दोन प्रकार असतात. यातला एक नर आणि एक मादी असं नाही, दोन्हींत दोन्ही अवयव होऊ शकतात; पण समोर दुसऱ्या प्रकारची चाहूल लागल्याशिवाय ते अवयव तयारच होत नाहीत.

या काचघरात फक्त पहिला प्रकार होता. तो सहा आठवड्यांपूर्वी मुद्दाम मुळांना दिलेला होता, जात टिकते का हे पाहायला. आणि त्याच्यापुढे जात टिकली होती. म्हणजे नंतर कोणीतरी दुसरा प्रकार आत आणला होता. तो या भागातल्या मातीत कुठेच नव्हता. बुटाला लागून यायचा तर बुटाला समुद्र ओलांडून यावं लागलं असतं.

"कवच किती जाड झालंय बघितलंस? किती दिवसांचं असेल?"

"दहा. बारा असतील. कमी नाहीत."

"माळीकाकांना येऊन पाच दिवस झालेत."

बाईंनी उठून शीतकपाट उघडायला लावलं. दुसऱ्या प्रकारची जलबुरशी असलेली एकच काचेची नळी संस्थेत होती. परदेशातल्या एका सहकाऱ्याने पाठवलेली ती नळी पंधरा वर्षांपूर्वी भिंगबाईंनी स्वतःच्या हाताने तिथे ठेवली होती, आणि दर काही महिन्यांनी नव्या खाद्यावर लावून जपली होती. तिचा नंबर सतरा.

सोळा होती. अठरा होती. मधलं भोक रिकामं होतं.

४

शीतकपाटाची किल्ली भांडारपालाकडे असे. त्याचा मेहुणा गेली दोन वर्षं माळीकाकांच्या खोलीवर डोळा ठेवून होता, हे सगळ्या संस्थेला माहीत होतं, आणि भांडारपाल ते लपवतही नव्हता.

"खोली पाहिजे, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पण त्यासाठी मी रोपं मारत बसेन? दोन महिन्यांनी आपोआप मिळणारच होती."

"किल्ली कोणाला दिली होती?"

"सहायिकेला रोजच. आणि पाहुणे आले त्या दिवशी साहेबांनी मागून घेतली. बियाण्याच्या कंपन्यांची मंडळी होती. एकोणीस दिवस झाले बघा."

एकोणीस दिवसांपूर्वी माळीकाका बायकोला शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून लेकीच्या बाळंतपणाला गेलेले होते. बाईंनी पुडीतली पांढरी पूड त्याच्यापुढे धरली.

"ही कसली?"

"निळ्या झाकणाच्या डब्यातली. बुरशीनाशक. शेतात फवारतात ते."

"समज, तुला काचेच्या बशीत वाढवलेली जलबुरशी मारून टाकायची आहे. ही वापरशील?"

भांडारपालाने त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाई, दर महिन्याला ही पूड मी सहायिकेला काढून देतो. जलबुरशी वाढवायच्या खाद्यातच ती घालतात. ज्यात ती वाढवायची, त्यानेच ती मरेल कशी? मी दहावी नापास आहे, पण एवढं कळतं."

माळीकाकांना त्यांनी हाच प्रश्न विचारला. "उकळतं पाणी," काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "पुडीने काय होतंय."

सहायिका म्हणाली, "प्रेशरच्या भांड्यात घालून वाफवायची. वीस मिनिटं." मग ती खाली बघत राहिली. बाईंनी थेट विचारलं, "टाकीजवळच्या पट्ट्या तू बदललीस?"

"रोपं सुकली होती तिथली. पाहुणे येऊन गेल्यावर आठ-नऊ दिवसांनी. सरांना सांगितलं. ते म्हणाले, शिल्लक रोपं लाव आणि गप्प बस. माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्याकडे आहे, बाई."

म्हणजे या मुलीला काका निर्दोष असल्याचं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाईंना तिचा राग आला. नेभळट म्हणून त्यांनी तिला मनातल्या मनात एक चपराकही दिली. मग का कोण जाणे, तो राग फार वेळ टिकला नाही.

शेवटी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. ते फोनवर कोणाला तरी आपल्या जातीच्या पानांचा रंग समजावत होते. बाईंनी तोच प्रश्न सहज विचारल्यासारखा विचारला. एक बशी आहे, जलबुरशी आहे, मारायची आहे.

"ही काय परीक्षा आहे का?" संचालक फोन ठेवत म्हणाले. "तो निळ्या झाकणाचा डबा असतो ना, त्यातली पूड. कुठलीही बुरशी अर्ध्या तासात खलास."

"आणि पाहुण्यांना त्या दिवशी काय दाखवलंत?"

"काचघर दाखवलं, चहा पाजला," ते म्हणाले. "आता सही कधी करताय?"

"बुधवारी," बाई म्हणाल्या. "मंडळाच्या अध्यक्षांनाही बोलवा. आणि तुमचं पुस्तक टेबलावरच राहू द्या."

५

बुधवारी संचालकांच्या खोलीत पाचजण आणि सहाव्या भिंगबाई होत्या. अध्यक्ष म्हणजे साठीच्या एक कोरड्या बाई, ज्यांना दुसरीकडे पोचायचं होतं. संचालक. भांडारपाल. सहायिका भिंतीला टेकून. माळीकाकांना कोणी खुर्ची दिली नव्हती, म्हणून बाईंनी आपली दिली आणि त्या उभ्या राहिल्या.

टाकीकडून दाराकडे आलेला रोग, बारा दिवसांची जाड कवचं आणि सतरा नंबरची नाहीशी झालेली नळी, एवढं सगळं बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं. काकांचे बूट अहवालातून तिथेच बाहेर पडले. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघणं बंद केलं.

"मग नळी नेली कोणी?" त्यांनी विचारलं.

"प्रात्यक्षिकासाठी नेली असावी. सतरा नंबरचे बीजाणू सगळ्यात जोमाने पोहतात. बशीत गार पाणी घातलं की अर्ध्या तासात हजारो बाहेर पडतात, बघणारा खूश होतो. पाहुण्यांपुढे मिरवायला याहून सोपी गोष्ट नाही. आणि नंतर ती बशी बेसिनमध्ये ओतली गेली. बेसिनचं पाणी टाकीत जातं, टाकीचं मुळांना." बाई सरळ संचालकांकडे वळल्या. "रोगाची जिवंत बशी बेसिनमध्ये ओतायला किती अडाणी असावं लागतं माणसाने. शाळेतलं पोरही आधी मारून मग टाकतं."

संचालकांचा चेहरा लाल झाला. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं, आणि बाईंना ते पक्कं माहीत होतं.

"तोंड सांभाळून बोला," ते म्हणाले. "जिवंत नव्हती ती. मी स्वतः पूड घातली होती. चांगले दोन चमचे. अर्धा तास ठेवली आणि मग ओतली. माझ्या बशीतून रोग जाणं शक्यच नाही. काही तरी दुसरंच झालेलं आहे."

भांडारपालाने कपाळाला हात लावला. माळीकाका मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिले. इतका मोठा साहेब एवढा उघडा पडताना पाहणं त्यांना अवघड जात असावं.

बाईंनी पिशवीतून काचेच्या दोन बश्या काढल्या. टाकीच्या पाण्यात मिरचीच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवून, मग ते साध्या खाद्यावर लावून त्यांनी हे वाढवलं होतं. साठलेल्या पाण्यातून एरवी हिरव्या, काळ्या, राखाडी दहा बुरश्या उगवतात. इथे फक्त एकच पांढरी, मऊ, स्वच्छ वाढ होती.

"चाळीस वर्षांत इतकी शुद्ध बशी मला टाकीच्या पाण्यातून मिळाली नाही. साहेबांनी पूड घालून बाकीच्या सगळ्या बुरश्या मारल्या आणि हिला रान मोकळं करून दिलं. कारण ही पूड खऱ्या बुरशीला मारते आणि ही खरी बुरशी नाही. बाकी तुमच्या पुस्तकात आहेच. पहिलं पान काढा. मोठ्याने वाचा."

संचालकांनी पुस्तक उचललं. पहिलं पान काढायला त्यांना वेळ लागला, कारण आधी त्यांचा फोटो होता, मग त्यांचा परिचय, मग अर्पणपत्रिका, मग भिंगबाईंची प्रस्तावना. ते पानं उलटत होते तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. सहायिका डोळे मिटून म्हणत होती.

"जलबुरशी दिसायला बुरशीसारखी असली तरी बुरशी नव्हे. तिच्या पेशीची भिंत झाडांच्या भिंतीसारखी असते आणि तिचे सख्खे नातेवाईक समुद्रातल्या तपकिरी शेवाळात आहेत. म्हणून बुरशीवर चालणारी पुष्कळशी औषधं तिच्यावर चालत नाहीत. हे जो विसरेल तो रोग मारायला जाऊन रोगाचंच पोट भरेल."

तिने डोळे उघडले. संचालकांना पान सापडलं होतं. ते ओळींवरून बोट फिरवत होते आणि एकही शब्द वेगळा नव्हता.

अध्यक्षांनी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, पानाकडे पाहिलं, मग सहायिकेकडे. "हे तुम्हाला पाठ कसं?"

मुलगी भिंगबाईंकडे बघायला लागली.

"स्वतः लिहिलेलं माणसाला पाठ असतं," भिंगबाई म्हणाल्या. "या संस्थेत ही पूड जलबुरशीवर घालणारा एकच माणूस निघाला, तोच या पुस्तकावरचा लेखक. भांडारपालाला कळतं, माळ्याला कळतं. स्वतःच्या पुस्तकाचं पहिलं पान ज्याने वाचलेलं नाही, त्याला तेवढं कळलं नाही."

अध्यक्षांनी टाइप केलेला अहवाल उचलला आणि मधोमध फाडला. संचालकांना त्यांनी बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. त्यांनी फक्त भांडारपालाला संचालकांच्या खोलीच्या किल्ल्या आणायला पाठवलं.

६

संध्याकाळी बाई काचघरामागच्या खोलीवर गेल्या. बांधलेल्या दोन ट्रंका माळीकाका परत सोडत होते. आतून काकू म्हणाल्या, "बसा बाई, उठता येत नाही मला." बाई खाटेच्या कडेला बसल्या. आज त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, आणि ते थोडंसं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळावं अशीही इच्छा होती.

काकांनी पाणी आणून दिलं. हात जोडले. मग ट्रंकेवर बसून म्हणाले, "एक विचारू का, बाई?"

"विचारा की."

"पुस्तक साहेबांचं नाही हे तुम्हाला आज कळलं?"

बाईंनी पेला खाली ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं. समोरचा माणूस काही पडताळून बघणार नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "प्रस्तावनेसाठी हस्तलिखित आलं तेव्हाच कळलं. चित्रं तिची होती. अर्धी वाक्यं तिच्या प्रबंधातली होती. प्रबंध माझ्याच कपाटात आहे."

"मग बोलला नाहीत ते?"

"मी निवृत्त होत होते. मला टेबल हवं होतं. खिडकीजवळचं."

काकांनी मान हलवली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकणं जड गेलं. "माझा पुरावा तुम्ही चार दिवसांत शोधलात, बाई. उपकार विसरणार नाही. त्या पोरीचा तर चार वर्षं तुमच्या कपाटातच होता."

आयुष्यभर बाईंनी लोकांना तुच्छ लेखलं होतं. वाचत नाहीत म्हणून, बघत नाहीत म्हणून, खुर्चीसाठी लाचार होतात म्हणून. सहायिकेला नेभळट म्हणताना तो राग इतक्या लवकर का विरला होता, ते आता त्यांना लख्ख कळलं. मुलीला नोकरीची भीती होती. त्यांना स्वतःला तर कसलीच भीती नव्हती. त्यांनी एका खिडकीसाठी हे केलं होतं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

त्या उठल्या आणि थेट आपल्या खोलीत गेल्या. कपाटातून प्रबंध काढून त्यांनी टेबलावर ठेवला. खिडकीतून काचघर दिसत होतं. काका दिवा लावून काळे पडलेले ट्रे एकेक करून बाहेर काढत होते. बाईंनी तिकडे पाठ केली, कागद ओढला आणि मंडळाला पत्र लिहायला घेतलं. दोनदा खोडलं. पहिल्यांदा त्यात संचालकांविषयी फार होतं, दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या कागदावर त्यांनी संचालकांचं नावही काढलं नाही.

पत्र प्रबंधावर ठेवून, त्यावर खोलीची किल्ली ठेवून त्या बाहेर पडल्या. सकाळी सहायिका आली तेव्हा तिला ते सगळं तसंच सापडलं. पत्राची पहिली ओळ होती: या पुस्तकाची लेखिका कोण, हे प्रस्तावना लिहिताना मला माहीत होतं.